फोनमधले फोटो संगणकात, संगणकातली संहिता फोनमध्ये: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

चवथीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची मावशी फोन घेऊन आमच्या पडवीत आली. संध्याकाळी विसर्जन, घरात मुंबईहून आलेली माणसं, आणि फोन माटोळीचा, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळा-पानांच्या सजावटीचा, एकही फोटो काढू देईना. पडद्यावर 'स्टोरेज फुल' अशी सूचना. "अगो, माटोळीचे फोटो अजून काढायचेत, आणि हा म्हणतो जागा नाही. जुने पुसून टाकू का?"

मी म्हटलं, "मावशी, काहीच पुसू नको. मला अर्धा तास दे."

त्या फोनमध्ये तीन वर्षांचे फोटो होते. नातवाची मुंज होती, म्हार्दोळची जत्रा होती, आणि काका गेले त्याआधीच्या चवथीत घुमट (मातीचं तालवाद्य) वाजवताना काढलेले दोन व्हिडिओ होते. ते दुसरीकडे कुठेच नव्हते.

गोव्यात फोंड्याला आमच्या भागात असे फोन माझ्याकडे वरचेवर येतात. मी डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावण्याचं, काम करते आणि आमच्या नाट्यमंडळाच्या संहिता, रेकॉर्डिंग सांभाळते, म्हणून लोक येतात. अडचण बहुतेक वेळा तीच असते, म्हणून पहिल्यापासून सगळं लिहून काढते आहे. एकच नियम आधी सांगते, कारण बाकी काही विसरलात तरी चालेल: आधी कॉपी करा, मग उघडून पाहा, आणि त्यानंतरच फोनमधलं पुसा. 'कट' हा पर्याय वापरूच नका.

हे मी अनुभवातून सांगते. एका जत्रेतलं आमचं नाटक मी फोनवर चित्रित केलं होतं. घरी येऊन जुन्या संगणकात ते 'कट' करून टाकलं, पट्टी शेवटपर्यंत गेली, आणि त्याच क्षणी वीज गेली. वीज आल्यावर पाहिलं तर संगणकातली फाइल उघडेना आणि फोनमधली तर निघून गेलेली. संगणक 'झालं' म्हणतो तेव्हा फाइलचा काही भाग अजून त्याच्या तात्पुरत्या स्मृतीत असू शकतो, डिस्कवर पूर्ण उतरलेला नसतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तो प्रयोग पुन्हा झाला नाही.

आधी वायर बघा

वायरने केलेलं काम सगळ्यात भरवशाचं. इंटरनेट लागत नाही, डेटा जात नाही, फोटोचा दर्जा कमी होत नाही. पण वायर योग्य हवी. यूएसबीच्या साध्या वायरीत आत चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या, किंवा पंखा, दिवा अशा वस्तूंबरोबर येणाऱ्या कित्येक वायरींत माहितीच्या तारा नसतातच. अशी वायर लावली की फोन चार्ज होतो, पण संगणकात काहीच दिसत नाही. 'वायर लावली तरी फोन दिसत नाही' म्हणून येणाऱ्यांपैकी निम्म्यांचं काम मी नुसती वायर बदलून केलं आहे. फोनच्या डब्यातून आलेली वायर जपून ठेवा, तीच लावा.

दुसरं म्हणजे फोनचं तोंड, म्हणजे पोर्ट. आपल्याकडच्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की काही फोन 'ओलावा आढळला' असं दाखवून वायर स्वीकारत नाहीत. तेव्हा जबरदस्ती करू नका. वायर काढा, फोन तोंड खाली करून हळूच झटका आणि वारा लागेल अशा जागी ठेवा. तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपाय घरोघरी सांगतात, पण तांदळाचे बारीक कण पोर्टमध्ये जाऊन बसतात. वायर नीट बसत नसेल तर खिशातला कापसासारखा धुरळा आत दाबला गेलेला असतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकच्या टोकाने तो अगदी हलक्या हाताने काढा. सुई किंवा पिन घालू नका.

वायर शक्यतो संगणकाच्या मागच्या खाचेत लावा. पुढच्या खाचा बऱ्याचदा ढिल्या झालेल्या असतात. आणि टेबलावरच्या संगणकाला यूपीएस (वीज गेल्यावर थोडा वेळ चालू ठेवणारी बॅटरी) नसेल, बाहेर गडगडत असेल, तर ते काम उद्यावर टाका. लॅपटॉपला बॅटरी असते, तो त्यातल्या त्यात सुरक्षित.

अँड्रॉइड फोन आणि विंडोज संगणक

वायर जोडली की फोनचं कुलूप उघडा. पिन किंवा बोट लावून पडदा उघडल्याशिवाय फोन आपल्या पोटातलं काही दाखवत नाही, आणि हे योग्यच आहे.

आता फोनवर वरून खाली बोट ओढा. सूचनांमध्ये 'चार्जिंग धिस डिव्हाइस व्हाया यूएसबी' अशा अर्थाची एक ओळ असेल. तिच्यावर एकदा, काही फोनवर दोनदा टेका. यादी उघडते. तिथे 'नो डेटा ट्रान्सफर' किंवा 'चार्जिंग ओन्ली' निवडलेलं असतं, ते बदलून 'फाइल ट्रान्सफर' निवडा. कंपनीप्रमाणे शब्द थोडे बदलतात, पण 'फाइल' हा शब्द सापडतोच. दरवेळी वायर जोडली की हे पुन्हा करावं लागतं. फोन बिघडला आहे असं समजू नका.

संगणकावर पिवळ्या फोल्डरचं चिन्ह दाबून फाइल एक्सप्लोरर उघडा. डाव्या बाजूला 'धिस पीसी' आहे, त्यात सी, डी या डिस्कांच्या जोडीला तुमच्या फोनचं नाव दिसेल. त्यात 'इंटर्नल स्टोरेज', आणि मेमरी कार्ड घातलेलं असेल तर ते वेगळं.

इथे बहुतेक जण बावरतात, कारण आत वीस-पंचवीस फोल्डर इंग्रजी नावांचे. आपल्याला त्यातले चारच लागतात:

- डीसीआयएम, आणि त्याच्या आत कॅमेरा: फोनच्या कॅमेऱ्याने काढलेले सगळे फोटो आणि व्हिडिओ.
- पिक्चर्स: इतर अ‍ॅपमधून साठवलेली चित्रं. स्क्रीनशॉट काही फोनमध्ये इथे, काहींत डीसीआयएममध्ये.
- डाउनलोड: उतरवून घेतलेल्या पीडीएफ, पावत्या, पत्रिका.
- व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो मात्र खोल दडलेले. आधी अँड्रॉइड, त्यात मीडिया, त्यात कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप, मग व्हॉट्सअ‍ॅप, पुन्हा मीडिया, आणि तिथे व्हॉट्सअ‍ॅप इमेजेस, व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ. (जुन्या फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप नावाचा फोल्डर बाहेरच असतो.)

'अँड्रॉइड' फोल्डरातलं बाकी काही हलवू नका, पुसू नका. तिथे अ‍ॅपचा संसार असतो.

कॅमेऱ्याचा फोल्डर उघडला की पांढरी खिडकी आणि वर हळूहळू सरकणारी हिरवी पट्टी दिसते. तीन-चार हजार फोटो असले तर मिनिट-दोन मिनिटं जातात. थांबा. पुन्हा पुन्हा क्लिक केलं की सगळं अडकतं. वरच्या 'व्ह्यू'मधून 'डिटेल्स' निवडलं तर छोटी चित्रं बनवण्याचा वेळ वाचतो आणि तारखेप्रमाणे लावताही येतं.

अँड्रॉइड फोन संगणकाला पेनड्राइव्हसारखा का दिसत नाही, असं मला पुष्कळ जण विचारतात. पूर्वी तसा दिसायचा. 2011 च्या सुमारास अँड्रॉइडने एमटीपी नावाची पद्धत घेतली. तिच्यात संगणक फोनच्या साठवणीला थेट हात लावत नाही, एकेक फाइल फोनकडे मागतो आणि फोन ती देतो. त्यामुळे संगणक जोडलेला असतानाही फोन आपल्या फायली वापरू शकतो. याची किंमत म्हणजे थोडा संथपणा, आणि एका वेळी एकच काम. म्हणून एक कॉपी चालू असताना दुसरी सुरू करू नका. फोनमधली फाइल संगणकावर थेट उघडून तिच्यात बदलही करू नका. आधी संगणकात आणा, मग काय ते करा.

आता कॉपी. संगणकाच्या 'पिक्चर्स'मध्ये नवीन फोल्डर करा आणि त्याला वर्ष आधी येईल असं नाव द्या: '2024-09 चवथ', '2025-02 जत्रा'. अशा नावांचे फोल्डर आपोआप क्रमाने लागतात. 'नवीन फोटो', 'नवीन फोटो 2', 'आईचा फोन सगळं' अशी नावं दिलीत तर पुढच्या वर्षी तुम्हालाच काही सापडणार नाही.

फोनच्या खिडकीत पहिल्या फोटोवर क्लिक करा, शिफ्टचं बटण दाबून धरा, शेवटच्या फोटोवर क्लिक करा. मधले सगळे निवडले जातात. कंट्रोल दाबून सी. मग नव्या फोल्डरात जाऊन कंट्रोल दाबून व्ही. पट्टी सरकू लागेल. साध्या यूएसबी 2.0 वायरीवर वीस जीबीला पंधरा-वीस मिनिटं धरा, हजारो लहान फोटो असतील तर त्याहून जास्त. हजार-पाचशेचे गट करून नेलेत तर मध्ये काही अडलं तरी कुठपर्यंत आलो ते कळतं. या वेळात फोन उचलून कोणाला दाखवायला नेऊ नका, वायर हलली की काम तुटतं.

उघडून पाहणं

मावशीच्या घाईत मला ही पायरी गाळायचा मोह झाला होता. गाळली नाही.

दोन्ही खिडक्यांत खाली डाव्या कोपऱ्यात फायलींचा आकडा असतो, '1,284 आयटम्स' असा. फोनमधून तुम्ही जितक्या निवडल्या आणि संगणकात जितक्या आल्या, ते आकडे जुळायला हवेत. मग संगणकातल्या फोल्डरातला पहिला फोटो उघडा, शेवटचा उघडा, मधले दोन-चार उघडा. व्हिडिओ असतील तर प्रत्येक महत्त्वाचा व्हिडिओ सुरू करा आणि ओढून शेवटच्या मिनिटावर न्या. अर्धवट आलेला व्हिडिओ सुरुवातीला छान चालतो आणि शेवटी अडतो, म्हणून शेवट पाहायचा.

काकांचा व्हिडिओ मी लावला. संगणकाचे स्पीकर मोठे होते, घुमटाचा आवाज पडवीभर झाला आणि आतून दोघं-तिघं धावत आली. मावशी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. व्हिडिओ संपेपर्यंत कोणी बोललं नाही. मग ती म्हणाली, "दुसरापण बघ, पुरता आलाय का."

दुसराही पुरता आला होता.

पुसताना

पुसायचं ते फोनवरूनच पुसा. वायरीवरून, संगणकाच्या खिडकीतून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती कायमची जाते. फोनच्या गॅलरीतून पुसली तर बहुतेक फोनमध्ये ती 30 दिवस 'ट्रॅश'मध्ये राहते आणि परत आणता येते. मात्र ट्रॅशमध्ये असेपर्यंत जागाही मोकळी होत नाही, हे लक्षात ठेवा. खात्री झाली की ट्रॅश रिकामा करा.

गूगल फोटोज वापरत असाल तर जपून. त्यात बॅकअप चालू असताना एखादा फोटो पुसला तर तो फोनमधूनही जातो आणि गूगलच्या खात्यातूनही. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर त्या अ‍ॅपमध्ये 'फ्री अप स्पेस' असा वेगळा पर्याय आहे. तो बॅकअप झालेलेच फोटो फोनमधून काढतो, खात्यातले ठेवतो.

संगणकातून फोनकडे

आमच्या मंडळाला या दिशेची गरज जास्त. तालमीला प्रत्येकाला छापील संहिता देणं आता परवडत नाही, म्हणून ती फोनवर जाते. रीत तीच: संगणकात फाइल कॉपी करा, फोनच्या 'डाउनलोड' फोल्डरात पेस्ट करा. गाणी, आरत्यांचे ट्रॅक 'म्युझिक'मध्ये. फोनवर 'फाइल्स' किंवा 'माय फाइल्स' उघडलं की सापडतात.

मराठी लिहिणाऱ्यांना इथे एक खास अडचण येते. जुन्या संहिता श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. हे जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना समजणाऱ्या अक्षरांच्या सामायिक पद्धतीचे, नाहीत. संगणकात मराठी दिसणारी तीच वर्ड फाइल फोनवर उघडली की इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांचा काला होतो, आणि नट मंडळी म्हणतात फाइल खराब आली. फाइल खराब नसते, फोनमध्ये तो फॉन्ट नसतो. उपाय साधा आहे: वर्डमध्ये 'सेव्ह अ‍ॅज' मध्ये जाऊन पीडीएफ निवडा. पीडीएफ फॉन्ट आपल्या पोटात घेऊन जाते आणि कुठेही तशीच दिसते. फोनवर वाचायची म्हणून अक्षर अठरा पॉइंटच्या आसपास ठेवा, आमच्या ज्येष्ठ नटांना तेच वाचता येतं.

आयफोन असेल तर

वायर जोडल्यावर आयफोनवर 'ट्रस्ट धिस कॉम्प्युटर' असा प्रश्न येतो. 'ट्रस्ट' म्हणा, पासकोड टाका. विंडोजमध्ये आयफोनमधले फक्त फोटो आणि व्हिडिओ दिसतात, बाकी काही नाही. फोटो .एचईआयसी असे येऊन जुन्या संगणकात उघडत नसतील तर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, आणि तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. पुढचे फोटो नेहमीच्या जेपीजीमध्ये निघतील. कॉपी मध्येच तुटत असेल तर फोटोजच्या सेटिंगमध्ये अगदी खाली 'कीप ओरिजिनल्स' करा, बहुतेक वेळा अडचण सुटते. आयक्लाउड (अ‍ॅपलची इंटरनेटवरची साठवण) चालू असेल आणि 'ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज' निवडलेलं असेल तर मूळ मोठे फोटो फोनवर नसू शकतात, त्यामुळे वायरीवरून कमी फोटो दिसले तर घाबरू नका, ते खात्यात असतात. आयफोन आणि मॅक दोन्ही असतील तर एअरड्रॉप वापरा, वायरीची गरजच नाही.

वायरीशिवाय

दहा-वीस फोटोंसाठी वायर शोधायला नको. अँड्रॉइडमध्ये क्विक शेअर असतं. पूर्वी त्याला निअरबाय शेअर म्हणत, 2024 च्या जानेवारीपासून सॅमसंगचं आणि गूगलचं एकच झालं. विंडोज संगणकावर त्याचं छोटं अ‍ॅप गूगलच्या साइटवरून घ्या, दोन्हीकडे ब्लूटूथ आणि वायफाय चालू ठेवा, फोनवर फोटो निवडून 'शेअर' आणि 'क्विक शेअर' दाबा. फाइल थेट एका यंत्रातून दुसऱ्यात जाते, तुमचा डेटा खर्च होत नाही. दोन्ही पडद्यांवर पिन दिसला तर तो जुळतो का पाहून मगच स्वीकारा.

निव्वळ ब्लूटूथवरून एखादं पान पाठवायला हरकत नाही. व्हिडिओच्या भानगडीत पडू नका, तासभर बसाल. शेअरइट आणि झेंडर ही फाइल पाठवायची अ‍ॅप कोणी सुचवत असेल तर सांगा की त्या दोन्हींवर भारतात जून 2020 मध्येच बंदी आली आहे. इकडून तिकडून मिळालेली त्यांची फाइल फोनमध्ये बसवू नका.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळे तेच वापरतात. फोटो नेहमीसारखा पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप त्याला दाबून लहान करतं, आणि तो कधी, कुठे काढला ही आतली नोंदही निघून जाते. फोनवर छान दिसतो, पण छापायला घेतला की चेहरे पुसट. माझ्याकडे स्मरणिकेसाठी असे फोटो दरवर्षी येतात आणि मला ते परत पाठवावे लागतात. पाठवताना पेपरक्लिपच्या चिन्हावरून 'डॉक्युमेंट' निवडून फोटो जोडा, म्हणजे तो मूळ आकारात जातो. अशी 2 जीबीपर्यंतची फाइल जाते. स्वतःच्याच नंबरवर पाठवा आणि संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडून उतरवून घ्या. दुसऱ्याच्या संगणकावर उघडलं असेल तर उठताना लॉग आउट करा.

गूगल ड्राइव्ह चांगलं आहे, पण फुकटची 15 जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून असते. फुल एचडी व्हिडिओला मिनिटाला शंभर-सव्वाशे एमबी लागतात. अडीच तासांचं एक नाटक त्यात मावत नाही.

दुसरी प्रत

संगणकातला फोल्डर ही एकच प्रत. संगणक बिघडला की तीही जाते, म्हणून महत्त्वाचं ते पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवरही घ्या. मोठा व्हिडिओ टाकताना 'फाइल फार मोठी आहे' असं आलं आणि पेनड्राइव्ह तर रिकामा आहे, असं झालं तर तो फॅट-32 पद्धतीचा असतो. त्यात 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. त्यातलं सगळं आधी दुसरीकडे काढून घ्या, मग 'धिस पीसी'मध्ये त्याच्यावर उजवं क्लिक, 'फॉरमॅट', आणि यादीतून 'एक्सफॅट' निवडा. फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं. आणि डिस्कचं अक्षर दोनदा वाचून मगच बटण दाबा.

पेनड्राइव्ह उपटून काढू नका. कोपऱ्यातल्या चिन्हावरून 'इजेक्ट' करा, 'काढायला हरकत नाही' असं आल्यावर काढा. माझं नाटक गेलं त्याचं कारण वर सांगितलंच आहे, इजेक्ट त्यासाठीच असतं. पावसाळ्यात तो हवाबंद डबीत ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी.

मावशीने त्या दिवशी दुपारी जेवणाआधी फोनमधले अकराशे फोटो पुसले, माटोळीचे नवे काढले, आणि पेनड्राइव्ह देवघराच्या कपाटात ठेवला. त्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आहे: 'ह्यांचं घुमट. कोणी पुसू नये.'